भाकड मंगळवार

आमच्या गावात वर्षं तीन. पाडव्याचं वर्ष कडुलिंब खाऊन सुरू होतं, एक एप्रिलचं चार्टर्ड अकाउंटंटकडे खेपा घालून, आणि एक जुलैचं पनीर खाऊन. हे तिसरं वर्ष सेवाभावी क्लबांचं. जुलै उजाडला की मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये पदग्रहण समारंभ होतो. जुन्या अध्यक्षांच्या गळ्यातली कॉलर नव्या अध्यक्षांच्या गळ्यात जाते, पितळी घंटेवर एकदा हातोडी बसते, वहिनींना पुष्पगुच्छ मिळतो आणि कालपर्यंत ज्यांना सगळं गाव 'टाइल्सवाले' म्हणत होतं ते वर्षभरासाठी 'अध्यक्ष महोदय' होतात. वर्ष संपलं की ते माजी अध्यक्ष होतात. ते मात्र मरेपर्यंत.

या मंडळींचं मूळ गाव शिकागो. १९०५ साली पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने तिथे रोटरी काढली आणि १९१७ साली त्याच शहरात विम्याचा धंदा करणाऱ्या मेल्विन जोन्सने लायन्स काढला. एका गावात दुसरा क्लब निघाला म्हणजे पहिल्यात कुणाचं तरी बिनसलं असणार, हा आपला मराठी अंदाज. पण इतिहास तसं म्हणत नाही. रोटरी १९२० साली कलकत्त्यात रुजली, लायन्स १९५६ साली मुंबईत उतरला, आणि मग जिथे जिथे दोन डॉक्टर, एक वकील आणि एक सराफ एका टेबलाशी बसू शकतात तिथे तिथे शाखा निघत गेल्या. आमचा क्लब यातल्या कोणत्या कुळातला, की तिसऱ्याच, ते मी सांगणार नाही. सांगितलं तर दंड होईल. दंड ही सगळ्याच कुळांची आवडती प्रथा आहे. कोटाला पिन नाही, दंड. उशीर झाला, दंड. पेपरात फोटो आला, दंड. आणि हा शेवटचा दंड सभासद हसत हसत, सुट्ट्या पैशांची वाट न बघता भरतात. लायन्समध्ये तर दंड वसूल करायला स्वतंत्र पदाधिकारी असतो, त्याला टेल ट्विस्टर म्हणतात. आपलं शेपूट पिरगाळायची सोय सिंहांनी आपणहून करून ठेवली, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

आदर वाटायला आणखीही कारणं आहेत. रोटरीने १९८५ साली पोलिओ हटवायचं मनावर घेतलं, सरकारं आणि जागतिक आरोग्य संघटना बरोबरीने लागल्या, आणि जानेवारी २०११ नंतर भारतात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा नवा रुग्ण सापडला नाही. १९२५ साली हेलन केलरने लायन्सना अंधांसाठी काम करा म्हणून साकडं घातलं, तेव्हापासून ते डोळ्यांच्या मागे लागलेत. आमच्या तालुक्यातल्या कितीतरी म्हाताऱ्यांना सुनेच्या कपाळावरची आठी स्पष्ट दिसते ती अशाच शिबिरांमुळे.

पण पोलिओला दोन थेंब पुरतात, मोतीबिंदू एकदा काढला की निघाला. भुकेचं तसं नाही. तिला सकाळी वाटेला लावली तरी संध्याकाळी ती पुन्हा दारात हजर. शिबिर भरवून, फीत कापून, आभार मानून संपेल असला हा विषयच नव्हे. असला विषय आमच्या क्लबाने का घेतला, हे विचारलं तर उत्तर उपजिल्हा रुग्णालयाच्या व्हरांड्यात मिळतं.

सरकारी दवाखान्यात पेशंटला जेवण मिळतं. पेशंटबरोबर आलेल्या माणसाला मिळत नाही. वाडीवरून येताना बायकोने किंवा आईने फडक्यात भाकरी बांधून घेतलेली असते ती एक दिवसाची, आणि डॉक्टर म्हणतात आठ दिवस ठेवावं लागेल. दुसऱ्या दिवशी वडापाव. तिसऱ्या दिवशी अर्धा वडापाव आणि चहा. चौथ्या दिवशी पेशंटच्या ताटातली पोळी दोघांत. आमच्यातलेच एक जण, ज्यांना प्रत्येक ठरावाला हरकत घ्यायची सवय आहे, म्हणाले, "पण सरकार देतंय ना सगळं?" देतंय की. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी महिन्याला पाच किलो धान्य आहे. १९९५ साली रुपयात झुणका-भाकर निघाली होती. २६ जानेवारी २०२०पासून शिवभोजन आलं, दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात. पण आमच्या गावातलं केंद्र दुपारी चालतं आणि या माणसाला भूक रात्रीही लागते. रेशनकार्ड घरी, धान्य घरी, चूल घरी, माणूस व्हरांड्यात. तेव्हा रोज संध्याकाळी रुग्णांच्या नातेवाइकांना जेवण, असा ठराव झाला आणि हरकतवाल्यांनीच त्याला अनुमोदन दिलं, कारण तोवर साडेनऊ वाजले होते आणि शेजारच्या खोलीतून तळणाचा वास यायला लागला होता.

उपक्रमाचं नाव दर जुलैत बदलतं. पहिल्या अध्यक्षांच्या काळात ते संस्कृत होतं, दुसऱ्यांनी इंग्रजी केलं, तिसऱ्यांनी दोन्ही जोडून मधे आडवी रेघ दिली. चौथ्यांच्या मुलीने त्याला हसऱ्या चेहऱ्याचं बोधचिन्ह काढलं. नवं नाव म्हणजे नवा फलक, नवे टी-शर्ट, नवं उद्घाटन. चालू असलेल्या गोष्टीचं उद्घाटन कसं करतात हे ज्यांना शिकायचं असेल त्यांनी आमच्याकडे जुलैत यावं. पातेल्यातल्या खिचडीने मात्र आजवर एकाही अध्यक्षाला दाद दिलेली नाही. ती तीच आहे.

आता पैसा. निधी उभारायचा पहिला मार्ग म्हणजे स्मरणिका. स्मरणिका वाचण्यासाठी नसते हे ती छापणाऱ्यापासून सगळ्यांना ठाऊक असतं. मागचं रंगीत पान सगळ्यात महाग, ते खतं-औषधांच्या डीलरचं. आत आमदारांच्या शुभेच्छा आणि पालकमंत्र्यांच्या शुभेच्छा. दोन्ही सचिवांनीच लिहिलेल्या, त्यामुळे दोघांनाही 'मनस्वी आनंद होत आहे'. गेल्या खेपेची स्मरणिका भूकमुक्तीला वाहिलेली होती. डावीकडच्या पानावर अध्यक्षांचं मनोगत: आजही आपल्या परिसरात कित्येक जण उपाशीपोटी झोपतात. उजवीकडे पानभर जाहिरात: तीन महिन्यांत पोट कमी करा, पैसे परत मिळण्याची हमी. पान उलटलं की आम्लपित्तावरचं चूर्ण, त्यापुढे अमर्यादित थाळी, त्यापुढे मधुमेहाची मोफत तपासणी. भरल्या पोटाचं काय करायचं यावर आमच्या गावाने एवढा सखोल विचार केलाय, हे मला त्या स्मरणिकेमुळेच कळलं.

दुसरा मार्ग नाटकाचा प्रयोग. प्रत्येक सभासदाच्या गळ्यात तिकिटांचं एक पुस्तक मारतात. सगळ्यात आधी खपतं ते दंतवैद्यांचं. आ वासून खुर्चीत पडलेल्या माणसाला 'नाही' म्हणता येत नाही, आणि मान हलवली की ड्रिल हलतं. वकीलसाहेब आपल्या पुस्तकासाठी पुढची तारीख मागतात. प्राध्यापक स्वतःच सगळी तिकिटं घेऊन टाकतात आणि घरी विचारलं की बोर्डाच्या पेपर तपासणीचे पैसे अजून आले नाहीत म्हणून सांगतात. ज्यांनी तिकिटं विकत घेतलेली असतात ते प्रयोगाला येत नाहीत. ज्यांना फुकट पास मिळालेले असतात ते सगळे येतात, पहिल्या तीन रांगांत बसतात आणि मध्यंतरात बटाटेवडे गार होते म्हणून तक्रार करतात.

खरा पैसा येतो तो वहिनींच्या मेळाव्यात. हौजी असते, पण जोर खाण्याच्या स्टॉलवर. घरचीच अळूची पानं, घरचंच बेसन, घरचंच तेल, घरचाच गॅस. आणि प्लेटमागे पन्नास रुपये रोख मोजून नवरा उभ्याने आपल्याच घरची अळूवडी खातो. खमंग झाली म्हणून वर दुसरी प्लेट घेतो. घरी फुकट मिळते तेव्हा त्याच अळूवडीला 'जरा घसा खवखवतोय' असं म्हणणारा हा माणूस! एवढं निष्काम दान शास्त्रातही सापडायचं नाही. मेळाव्याच्या रात्री पैशांचा डबा मोजतात तेव्हा वर्षाच्या खिचडीतले कितीतरी आठवडे त्यात निघतात, आणि भाषण मात्र होतं ते अध्यक्षांचं.

हे सगळे पैसे ज्यांच्या हातात जातात ते आमचे खजिनदार. बँकेतून निवृत्त झालेले, पण बँक त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. एका ताटाला चाळीस रुपये पडतात हे त्यांनी एकदा काढलं आणि तेव्हापासून त्यांना जगातली प्रत्येक वस्तू ताटांतच दिसते. पाहुण्यांना चारशेचा फेटा बांधला की ते शेजाऱ्याच्या कानात पुटपुटतात, "दहा ताटं." फ्लेक्स लागला, "वीस ताटं." एका अध्यक्षांनी ड्रोन लावून वाटपाची चित्रफीत काढली तेव्हा वर बघून ते मोठ्यांदा म्हणाले, "ती बघा, शंभर ताटं उडाली." बैठकीनंतरच्या जेवणाला, ज्याला आमच्यात फेलोशिप म्हणतात, त्यांच्याशेजारी बसायला कुणी धजत नाही. माणूस गुलाबजामकडे हात नेतो आणि ते फक्त बघतात.

रोटरीवाल्यांकडे चार प्रश्नांची एक प्रसिद्ध कसोटी आहे. ती कुठे जन्मली याची मला फार मौज वाटते. १९३२ साली शिकागोत अॅल्युमिनियमच्या भांड्यांची एक कंपनी बुडायच्या बेतात होती. ती सावरायला हर्बर्ट टेलर नावाच्या गृहस्थांनी हे चार प्रश्न लिहून काढले: हे खरं आहे का, सगळ्यांना न्याय्य आहे का, यातून सद्भाव वाढेल का, सगळ्यांचं भलं होईल का. म्हणजे जगभरच्या क्लबांत आज जी नीती घोकली जाते तिचा उगम पातेल्या-तव्यांत आहे. आमच्या खजिनदारांनी त्याला पाचवा प्रश्न जोडलाय: पावती आहे का?

यावरून त्यांची चेष्टा केली तर ते दामाजीपंतांचा दाखला देतात. दुष्काळात मंगळवेढ्याच्या दामाजींनी बादशहाची धान्याची कोठारं लोकांना खुली केली. बादशहाचा हुकूम सुटला, दामाजींना धरून आणा. तेव्हा खुद्द विठोबा विठू महाराच्या रूपात बेदरला गेला आणि त्याने सगळे पैसे चुकते केले, अशी कथा. "पुढचं कुणी सांगत नाही," खजिनदार बोट वर करतात. "पैसे भरल्यावर देवाने काय केलं? पावती घेतली! ती पंतांच्या पोथीत सापडली. साक्षात पांडुरंगाने पावतीशिवाय रक्कम सोडली नाही आणि तुम्ही मला किराणाचं बिल चिठ्ठीवर देता?"

पावतीचं माहात्म्य देणाऱ्यांनाही कळतं. आयकरात देणगीची सूट मिळते ती पैशाला, वस्तूला मिळत नाही. आणि रोख दिलेत तर दोन हजारांपर्यंतच. त्यामुळे तांदळाचं पोतं घेऊन येणारा माणूस आमच्याकडे दोनच प्रकारचा: एक तर खराच भाविक, नाहीतर ज्याला कुणी हे सांगितलेलं नाही असा.

वाटपाची संध्याकाळ पाहण्यासारखी असते. रोजच्या रोज आचारीमामा, त्यांचा भाचा आणि पाळी असलेला एखादा सभासद, एवढ्यांत काम उरकतं. पाऊण तासात पातेलं रिकामं. पण देणगीदार हजर असला की गोष्ट वेगळी. मग अध्यक्ष, सचिव, देणगीदार, त्यांच्या सौभाग्यवती, मेहुणे आणि पेपरचा वार्ताहर असा लवाजमा उभा राहतो. एका ताटाला सात-आठ हात लागतात. ज्याच्यासाठी ताट आहे त्याचा हात त्यात कुठे असतो हे फोटोत नीट शोधावं लागतं. दुसऱ्या दिवशी पेपरात जागा कमी पडली तर कात्री नेमकी तिथेच लागते.

एकदा एक आजी होत्या. नवऱ्याला सर्पदंशाच्या वॉर्डात ठेवलेलं, त्या दुपारपासून बाहेर कट्ट्यावर बसून. ताट पुढे आलं, त्यांनी दोन्ही हातांनी धरलं. पलीकडून अध्यक्षांनी धरलेलंच होतं. फोटो काढणाऱ्याच्या मोबाइलमध्ये जागा संपली. तो जुने व्हिडिओ पुसायला लागला.

"आजी, जरा इकडे बघा हं," अध्यक्ष म्हणाले.

"कुटं बगू? तिकडं का ताटात?"

"इकडेच. आणि ताट असं नीट धरा."

"आरं लेका, मी धरलंय की कवाचं," आजी म्हणाल्या. "तूच सोडंना झालायस."

खिचडीवर वाफ होती तोवरचा हा संवाद. अध्यक्षांनी ताट सोडलं. फोटो आला तो आजी खाताना पाठमोऱ्या आणि अध्यक्ष रिकामे हात पुढे करून उभे, असा. फोटो पेपरात गेला नाही, पण क्लबात तो अजून फिरतो आणि प्रत्येक वेळी अध्यक्षांकडून दंड वसूल होतो. त्यांनीच हा दंड दुप्पट करून घेतलाय, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

भुकेल्याला चव नसते असा आमच्यातल्या पोट भरलेल्यांचा जुना समज. व्हरांड्यात तो टिकला नाही. "आज बी खिचडीच व्हय?" हे कुणीतरी म्हणतंच. एक ऊसतोडीवरचा गडी रोज ताट घेताना विचारायचा, "तिखाट काय?" काहीच नसायचं, कारण पाककृती ठरवणाऱ्या समितीत तीन जणांना अल्सर आहे. शेवटी आचारीमामांनी पत्र्याच्या डब्यात घरून ठेचा आणायला सुरुवात केली. आता रांगेत येणारा माणूस आधी डब्याकडे बघतो आणि मग पातेल्याकडे. या ठेच्याला ठराव नाही, सौजन्य नाही, पावती नाही, आणि खजिनदारांच्या वहीत त्याची नोंद नाही. त्यांना दिसत नाही असं नव्हे. ते स्वतःच दोन बोटं चाटून जातात.

पण क्लबाची खरी अडचण पैशाची नव्हती, पंचांगाची होती. भूक रोजची आणि दान तिथीचं. सर्वपित्री अमावास्येला आमच्याकडे अन्नदानासाठी पाच-पाच जण भांडतात. पंधरा ऑगस्टला व्हरांड्यात जिलेबी, पुन्हा जिलेबी आणि मग एका पक्षाच्या कार्यकर्त्यांकडून बुंदी. नेत्याच्या वाढदिवसाला फळं, दत्तजयंतीला महाप्रसाद, अक्षय्य तृतीयेला आमरस. त्या दिवशी नातेवाइकांनाच दवाखान्यात दाखल करावं लागेल अशी परिस्थिती. आणि सोळा ऑगस्टला? कुणी नाही. लग्नसराईत रात्री पावणेबाराला फोन येतो, "साठ माणसांचं जेवण उरलंय, पटकन कुणी उपाशी आहे का बघा." उपाशी माणसाने तोवर जागं राहायचं, ही त्याची जबाबदारी. अधिक महिना आला की दानाला ऊत येतो, पण त्या महिन्यात शास्त्राने सर्वांत गरजू ठरवलेली व्यक्ती म्हणजे जावई. तेहतीस अनारसे चांदीच्या ताटातून त्याच्याकडे जातात. आमच्या गावचे बहुतेक जावई नव्वद किलोच्या पुढे आहेत.

शिवाय देणाऱ्याचं व्रत घेणाऱ्याने पाळायचं असतं. चातुर्मासात कांदा-लसूण नको. आषाढी एकादशीला एका भाविकाने आग्रह धरून साबुदाण्याची खिचडी ठेवली. रांगेतला एक ट्रॅक्टरचालक ताटाकडे बघून नम्रपणे म्हणाला, "मालक, आमचा उपास कालच झालाय. आज सुटायचा होता."

यात सगळ्यात वाईट महिना जून. शाळांच्या फिया, बी-बियाणं, छत गळतंय. कुणाचा हात सैल नसतो. मुहूर्त आटोपत आलेले. क्लबाचं वर्ष संपत आलेलं, अध्यक्ष दमलेले, पुढचे अध्यक्ष सूट शिवायला टाकून बसलेले. आणि खेड्यात कणगीचा तळ दिसायला लागतो तो नेमका याच दिवसांत. नवं धान्य यायला दसरा-दिवाळी उजाडावी लागते. धान्य घरात येतं तेव्हा आपल्याला दान सुचतं, आणि कणगी रिकामी होते तेव्हा आपण छत्र्या दुरुस्त करत असतो. २३ फेब्रुवारी हा रोटरीचा स्थापनादिन आणि गाडगेबाबांचाही जन्मदिवस, १८७६चा. बाबांच्या दशसूत्रीत पहिलीच गोष्ट भुकेल्यांना अन्न. त्यापुढे त्यांनी वार, तिथी, नक्षत्र काही घातलेलं नाही. खजिनदारांनी हे आमच्या बैठकीत निदर्शनास आणून दिलं आणि मग काखेतून एक लांबट वही काढली.

वहीत वर्षाचे सगळे दिवस होते. ज्या दिवसांना देणगीदार होता ते हिरव्या शाईत. ज्यांना नव्हता ते तांबडे. या तांबड्यांना ते 'भाकड दिवस' म्हणत. मंगळवारचं पान तर वरपासून खालपर्यंत तांबडं. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार देवीचा, शनिवार मारुतीचा. रविवारी सगळ्यांना सुट्टी, बुधवारी बाजार आणि बाजारच्या दिवशी व्यापाऱ्यांचा हात सैल. मंगळवार गणपतीचा खरा, पण त्याला लोक अंगारकी असेल तरच विचारतात. "भाकड गाय लोक पांजरपोळात घालतात," खजिनदार म्हणाले, "मी हे दिवस विकणार."

आणि विकले. हातात वही घेऊन ते बाजारपेठेत फिरायला लागले. सराफांनी वडिलांच्या श्राद्धाची तिथी मागितली. ती आधीच चौघांनी धरलेली. खजिनदारांनी जूनमधला मंगळवार पुढे केला.

"पण आमचे वडील त्या दिवशी गेले नाहीत हो," सराफ म्हणाले.

"नसतील गेले. जेवत तर होते ना त्या दिवशी?"

सराफ विचारात पडले. वडील जेवत होते. चांगलेच जेवत होते. अख्खी पेठ त्याला साक्षी आहे. त्यांनी तिथेच चेक फाडला.

मग तो एक नादच झाला. भाकड दिवसाला निमित्त हवं आणि निमित्तं गावात पडलेली असतात, फक्त कुणी वेचत नाही. एका किराणा दुकानदाराचा मुलगा चौथ्या खेपेला दहावी सुटला, त्याचा एक मंगळवार. भावकीतला बांधाचा दावा निकाली निघाला, वादी-प्रतिवादी दोघांनी मिळून एक. वकीलसाहेबांनी त्या दाव्यावर दोन मुलांची शिक्षणं केली होती. त्यांनी दुखवट्याचा म्हणून एक घेतला. एका वहिनींनी सासूबाई तीन महिन्यांनी धाकट्याकडे राहायला गेल्या त्या दिवसाचा घेतला, आणि पावतीवर कारण लिहू नका म्हणून बजावलं. पुढच्याच आठवड्यात धाकट्या जाऊबाईंनी चौकशीचा फोन केला की सासूबाई परत जातील त्या दिवसाचं आगाऊ बुकिंग होतं का. दंतवैद्यांनी स्वतःची दाढ काढून घेतली, दुसऱ्याच डॉक्टरकडून, त्याचा एक. मधुमेह आटोक्यात आल्याबद्दल अनेकांचे. पैकी काहींचा पुढच्या तपासणीत वाढलेला निघाला, पण दिलेलं अन्न परत घेता येत नाही असा खजिनदारांचा नियम आहे.

अध्यक्षांना मात्र वेगळीच काळजी लागली. या मंगळवारांना देणगीदार येतच नाहीत. दाढेसाठी दिलेल्या खिचडीचा फोटो कोण काढून घेणार? आचारीमामा, भाचा आणि पाळीवरचा सभासद, पाऊण तासात पातेलं रिकामं. वार्ताहर दोन-तीन वेळा येऊन गेला, बातमी नाही म्हणाला. अहवालात लिहायचं काय आणि जिल्ह्याच्या परिषदेत दाखवायचं काय? शेवटी त्यांनी वहीच्याच पानांचे फोटो जोडले. परिषदेत त्यांना मानचिन्ह मिळालं. परतताना खजिनदारांनी ते हातात घेऊन वजन पाहिलं आणि म्हणाले, "तीस ताटं."

यंदाच्या जुलैत नवे अध्यक्ष आले. नवं नाव आलं, आडवी रेघ गेली. पहिल्याच बैठकीत त्यांनी मंगळवार हा आपल्या कारकिर्दीचा खास प्रकल्प म्हणून जाहीर केला. आता मंगळवाराला अशी प्रतिष्ठा आलीय की सराफ आणि पेट्रोलपंपवाले एकाच मंगळवारावरून आठवडाभर एकमेकांशी बोलत नव्हते. व्यापाऱ्यांनीही आपले बुधवार सोडून मंगळवार धरले. मंगळवारचं पान वरपासून खालपर्यंत हिरवं झालं आणि बुधवारचं तांबडं.

परवा खजिनदारांनी मला चौकात गाठलं. वही काखेत होतीच.

"तुमच्या घरात बुधवारी कधी काही घडलंय का?"

मी म्हटलं, तसं काही आठवत नाही.

"लग्न कोणत्या वारी झालं तुमचं?"

हा प्रश्न घरात विचारायची माझी छाती नाही. सध्या मी माळ्यावर जुनी पत्रिका शोधतोय.